बाबिलोनच्या मातींतील देवी

ज्या देशांत दगडाची खाण नाहीं, इमारतीचें लांकूड नाहीं आणि धातूचा कण नाहीं, त्या देशानें आपले देव कशाचे घडवावे? तैग्रिस व युफ्रेतीस या दोन नद्यांच्या खालच्या खोऱ्यांत ज्यांनीं मानवजातीचीं अगदीं आरंभींचीं शहरें वसविलीं, त्यांच्यापुढें हा प्रश्न उभा होता, आणि त्याचें उत्तर त्यांच्या पायांखालींच पडलेलें होतें. पुरानें आणून टाकलेला गाळ हीच त्या प्रदेशाची न आटणारी संपत्ति. त्या गाळाच्या विटांचीं घरें व देवालयें झालीं. त्याच गाळाचीं मडकीं झालीं. फार प्राचीन काळीं तर कणसें कापण्याचे विळेसुद्धां भाजलेल्या मातीचेच होते. ओल्या मातीच्या पाट्यांवर बोरूनें टोचून लिहिलेल्या अक्षरांमुळेंच त्या लोकांचे कायदे, हिशेब व कथा आजपर्यंत टिकून राहिल्या. अशा लोकांनीं आपल्या देवीहि मातींत पाहिल्या, यांत नवल नाहीं. नवल आहे तें निराळेंच. देवालयांतील सोन्याच्या देवी नाहींशा झाल्या आणि घराघरांतील मातीच्या देवी उरल्या. परंतु उरलेल्या या देवी आपलें नांव मात्र सहजासहजीं सांगत नाहींत.

देवी आणि माती यांचा संबंध केवळ सोयीचा नव्हता, श्रद्धेचाहि होता. अत्रहासिस नांवाच्या पुरुषाची जी जुनी बाबिलोनी कथा आहे, तिची एक प्रत अम्मिसदुका राजाच्या काळीं, म्हणजे इ. स. पूर्वीं १६४६ ते १६२६ च्या दरम्यान, तीन पाट्यांवर लिहिली गेली. तींत मनुष्याच्या जन्माची हकीकत आहे. कालवे खणतां खणतां कनिष्ठ देव थकले आणि त्यांनीं बंड पुकारलें. त्यांचें ओझें वाहण्यासाठीं मनुष्य निर्माण करावा असें ठरलें. एका देवाचा वध करून त्याचें रक्तमांस मातींत कालवण्यांत आलें. मग प्रसूतीची देवी निंतु, जिला मामी असेंहि म्हणत, तिनें त्या मातीचे चौदा गोळे तोडले. सात उजवीकडे ठेवले, सात डावीकडे ठेवले आणि मध्यें एक वीट ठेवली. त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया जन्मास आल्या. गिल्गमेशच्या प्रसिद्ध काव्यांतहि अरुरु नांवाची देवी हात धुऊन मातीचा गोळा तोडते व रानांत टाकते, आणि त्यापासून एन्किदु हा वीर उत्पन्न होतो. तेव्हां बाबिलोनी कुंभार जेव्हां मातीचा गोळा हातीं घेऊन देवीचें रूप उठवीत असे, तेव्हां देवीनें एकदां केलेलेंच काम तो उलट बाजूनें करीत होता.

पण देवीची प्रमुख मूर्ति मातीची नसे. मोठ्या देवालयाच्या गाभाऱ्यांत जी मूर्ति असे, ती मौल्यवान लांकडाची, सोन्याच्या पत्र्यानें मढविलेली, वस्त्रालंकारांनीं नटविलेली असे. तिला रोज अन्न वाढीत व तिचीं वस्त्रें बदलीत. अशी मूर्ति घडविल्यावर तिचें मुख धुण्याचा एक मोठा विधि करीत, आणि त्यानंतरच तिच्यांत देवत्व आलें असें मानीत. त्या विधीच्या वेळीं कारागिरांचे हात बांधून ते लांकडी शस्त्रानें तोडल्याचा देखावा करीत, आणि ही मूर्ति आपण केली नाहीं, देवानेंच केली, असें कारागीर शपथेवर सांगत. मनुष्याच्या हाताची खूण पुसून टाकण्याची ही केवढी धडपड! या मूर्ति शत्रूंनाहि हव्याशा वाटत. असुरबनिपाल या असुरी राजानें इ. स. पूर्वीं ६४७ च्या सुमारास एलामचें सूसा हें शहर लुटल्यावर उरुकची नानाया देवी परत आपल्या स्थानीं आणून बसविल्याचें मोठ्या अभिमानानें नमूद केलें आहे. ती १६३५ वर्षें परदेशांत होती, असें त्याचें म्हणणें. परंतु ही नानाया काय, किंवा इश्तारच्या भव्य मूर्ति काय, आज त्यांपैकीं एकहि पाहावयास मिळत नाहीं. सोनें वितळविलें गेलें, लांकूड कुजलें, वस्त्रें धुळीस मिळालीं. देवालयांतील देवीचें वर्णन पाट्यांवर वाचावें लागतें. डोळ्यांना दिसते ती फक्त मातीची देवी.

ही मातीची देवी विपुल झाली ती एका लहानशा युक्तीमुळें. आरंभीं मूर्ति हातानेंच वळीत. इ. स. पूर्वींच्या तिसऱ्या सहस्रकाच्या अखेरीस साच्याचा उपयोग सुरू झाला, आणि नंतरच्या चार शतकांत, इ. स. पूर्वीं २००० ते १६०० च्या दरम्यान, त्याला बहर आला. कृति अगदीं सोपी होती. मूळ आकृतीवर ओली माती दाबून तिचा खोलगट ठसा घ्यावयाचा व तो भाजून पक्का करावयाचा. मग त्या साच्यांत ओल्या मातीचा गोळा बोटांनीं दाबून बसवावयाचा आणि मागची बाजू सपाट करावयाची. माती सुकतांना थोडी आकसते, त्यामुळें फलक साच्यांतून अलगद सुटतो. तो भट्टींत भाजला कीं काम संपलें. एका साच्यांतून असे कितीतरी फलक निघत. त्यांतील पुष्कळसे हाताच्या पंजांत मावतील एवढेच आहेत. कांहींवर रंगाचे अंश अजून दिसतात.

कुशल मूर्तिकाराचें काम एकदांच. पुढें कोणीहि साधा माणूस तेंच रूप पुन्हा पुन्हा उठवूं शके. सोन्याच्या मूर्तीचा खर्च राजालाच परवडे, तर साच्यांतील देवी ज्याला हवी त्याला मिळे. देवीच्या दर्शनावर राजा व पुजारी यांचा जो हक्क होता, तो या ओबडधोबड फलकांनीं कोणताहि गाजावाजा न करतां सैल केला.

हे फलक कोठें सांपडले हेंहि पाहण्यासारखें आहे. इ. स. १९२२ ते १९३४ या काळांत सर लिओनार्ड वूली यांनीं उर शहराचें उत्खनन केलें. त्यांत राजांच्या थडग्यांतील सोन्यामुळें सर्व जगाचे डोळे दिपले. पण त्याच शहरांतील साध्या नागरिकांच्या वस्तीहि त्यांनीं उकरून काढल्या. हम्मुराबीचा मुलगा सम्सुइलुना याच्या कारकीर्दींत जें उर उद्ध्वस्त झालें, त्याचे अरुंद बोळ, अंगणाभोंवतीं बांधलेल्या खोल्या, घरांतील लहानसें पूजास्थान व त्याच्याच जमिनीखालीं पुरलेले घरांतील पूर्वज हें सर्व उजेडांत आलें. चौकाचौकांत लहान देवळेंहि होतीं. शहराच्या ईशान्येस दिकदिक्का नांवाच्या जागीं तर मातीच्या फलकांचा व मूर्तींचा खच पडलेला आढळला. निप्पुर, किश, लार्सा, एश्नुन्ना येथेंहि तोच प्रकार. मातीच्या देवी राजवाड्याच्या खजिन्यांत सांपडल्या नाहींत. त्या घरांच्या राड्यारोड्यांत, रस्त्यांत, फुटक्या मडक्यांच्या शेजारीं सांपडल्या. त्या लोकांच्या रोजच्या वापरांतल्या होत्या, याचा यापेक्षां चांगला पुरावा कोणता?

आतां मुख्य प्रश्नाकडे वळलें पाहिजे. मातीच्या फलकावर स्त्रीची आकृति आहे. ती देवी आहे हें ओळखावें कशावरून? याला बाबिलोनी कलेनें स्वतःच एक खूण दिली आहे. ती म्हणजे शिंगांचा मुकुट. रानबैलाच्या शिंगांच्या जोड्या एकीवर एक चढवून केलेला हा मुकुट मर्त्य माणसाच्या डोक्यावर सहसा दिसत नाहीं. शिंगांच्या जोड्या जितक्या अधिक, तितकी देवतेची योग्यता मोठी. ज्या स्त्रीच्या मस्तकावर हा मुकुट आहे, ती निःसंशय देवी होय. पुढें तिचें नांव ओळखावयाचें तें तिच्या हातांतील वस्तूंवरून व तिच्या जवळच्या प्राण्यावरून.

अशा देवींत सर्वांत जवळची वाटणारी देवी म्हणजे लमा. झालरींचे थर असलेला पायघोळ झगा नेसलेली, दोन्ही हात तोंडापाशीं उचलून उभी असलेली ही देवी फलकांवर व मुद्रांवर पुनः पुनः भेटते. तिचे ते उचललेले हात आशीर्वादाचे नव्हेत, विनंतीचे आहेत. सामान्य माणसानें मोठ्या देवापुढें एकट्यानें जावें कसें? म्हणून ही लहान देवी त्याच्या बाजूनें उभी राहते व मोठ्या देवाकडे त्याच्यासाठीं रदबदली करते. मनुष्याचें नशीब सांभाळणारी ही देवी जवळ असली तर सारें ठीक. ती सोडून गेली तर रोग, कर्ज व अपयश मागें लागलेंच, अशी समजूत होती. तिचें रूप घराघरांत असावें हें ओघानेंच आलें.

दुसरी देवी प्रसूतीची. बगदाद येथील इराक संग्रहालयांतील एका फलकावर ती आहे. तिच्या छातीशीं एक बाळ दूध पीत आहे आणि दोन्ही खांद्यांमागून आणखी बालकांचीं डोकीं डोकावत आहेत. तिच्या दोन्ही बाजूंस उलट्या नालाच्या आकाराची एक खूण असून खालीं दोन हडकुळ्या, उकिडव्या बसलेल्या आकृति आहेत. त्या पुरे दिवस न भरलेल्या अर्भकांच्या असाव्यात असें विद्वानांचें मत आहे. हेन्री फ्रँकफर्ट यांनीं १९४४ सालीं या देवीवर एक टिपण लिहिलें. मातृत्वाचें असें दोन्ही बाजूंनीं चित्र क्वचितच कोणीं काढलें असेल. जगलेलीं मुलें वर, खांद्याशीं. न जगलेलीं खालीं, पायांशीं. ज्या काळांत बाळंतपण म्हणजे जिवावरचा प्रसंग होता, त्या काळांतील घरांना या फलकाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

रोगनिवारण करणारी गुला हिची गोष्ट आणखी निराळी आहे. तिचा प्राणी कुत्रा. इसिन येथें तिचें मोठें देवालय होतें. जर्मन संशोधकांनीं १९७३ पासून तेथें उत्खनन केलें, तेव्हां देवालयाच्या चढणीपाशीं इ. स. पूर्वीं १००० च्या सुमारास पुरलेल्या तीसांहून अधिक कुत्र्यांचे सांगाडे मिळाले. शिवाय मातीचीं व धातूचीं लहान कुत्रीं मिळालीं, आणि दुखऱ्या अवयवावर हात ठेवलेल्या माणसांच्या मातीच्या आकृतिहि मिळाल्या. येथें देवी स्वतः दिसत नाहीं. तिच्या दारीं आलेला रोगी दिसतो आणि तिचा कुत्रा दिसतो. पण देवीच्या प्रतिमेइतकीच ही मातीहि बोलकी आहे. उर येथील कांहीं फलकांवर राजहंसासारख्या पाणपक्ष्यांवर बसलेली एक देवी आढळते. आणि सर्वांत तेजस्वी ती इश्तार, प्रेमाची व युद्धाची देवी, सुमेरी भाषेंतील इनान्ना. शिकागो येथील एका अक्कदकालीन दंडगोल मुद्रेवर तिच्या खांद्यांतून शस्त्रें वर आलेलीं आहेत आणि तिचा पाय सिंहाच्या पाठीवर आहे. मुद्रा दगडाची खरी; पण ती कोरली जाते उलटी, आणि ओल्या मातीवरून फिरविल्यावरच तिचें चित्र सुलट उमटतें. म्हणजे दगडांतल्या देवीलाहि दर्शन देण्यासाठीं मातींतच यावें लागे.

येथपर्यंत वाट सरळ आहे. पण मातीच्या ज्या स्त्रीआकृति हजारोंनीं सांपडतात, त्यांतील मोठ्या संख्येच्या मस्तकावर शिंगांचा मुकुट नाहीं. एक नग्न स्त्री, समोर तोंड करून, पाय जुळवून सरळ उभी आहे. हात स्तनांखालीं धरलेले किंवा कमरेवर जोडलेले. केस खांद्यांवर आलेले, गळ्यांत हार, मनगटांत कडीं. शस्त्र नाहीं, प्राणी नाहीं, लेख नाहीं. ही कोण? एकोणिसाव्या शतकांत व विसाव्याच्या आरंभीं पुष्कळांनीं विनासंकोच उत्तर दिलें कीं, ही इश्तार किंवा ही आदिमाता. नग्न स्त्री म्हणजे सुफलतेची देवी, एवढ्या एका समजुतीवर हें नांव ठेवण्यांत आलें. उर येथील फार जुन्या थडग्यांत सांपडलेल्या, लिपीच्या शोधाआधींच्या काळांतील सडपातळ स्त्रीमूर्तींसहि हेंच नांव चिकटलें. त्यांचीं डोकीं सरड्यासापासारखीं निमुळतीं आहेत, डोक्यावरचे केस डांबराचे आहेत, आणि कांहींच्या हातांत मूल आहे. त्या कोणाच्या आहेत हें सांगणारा एक शब्दहि त्या काळीं कोणी लिहून ठेवूं शकत नव्हता.

पुढें अभ्यास अधिक काटेकोर झाला. १९३० सालीं एलिझाबेथ डग्लस व्हॅन ब्यूरेन यांनीं बाबिलोनिया व असुरिया येथील मातीच्या मूर्तींची मोठी यादी प्रसिद्ध केली; त्याच वर्षीं लेग्रें यांचा निप्पुरच्या मूर्तींवरील ग्रंथ निघाला; १९६१ सालीं रूथ ओपिफिशियस यांनीं जुन्या बाबिलोनी फलकांचें वर्गीकरण केलें. पी. आर. एस. मूरी यांनीं २००१ सालीं या विषयावर व्याख्यानें दिलीं व तीं २००३ सालीं ग्रंथरूपानें आलीं. या सर्व श्रमांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. प्रत्येक स्त्रीमूर्तीला देवी म्हणणें हें तिचा मान वाढविणें नव्हे, तिच्याकडे न पाहणें होय. या आकृति घरांत विवाहसुख, संतति व संरक्षण यांच्या इच्छेनें ठेवलेल्या शुभचिन्हासारख्या असतील. कांहीं देवीला वाहिलेल्या भक्तिणींच्या असतील. कांहींत देवीचा अंश मानलाहि असेल. पण शिंगांचा मुकुट कसा करावयाचा हें त्या कुंभारांना पुरतें ठाऊक होतें. लमाच्या मस्तकावर त्यांनीं तो ठेवला, प्रसूतीच्या देवीचें देवपण त्यांनीं अनेक खुणांनीं दाखविलें, आणि या स्त्रीला मात्र त्यांनीं तो दिला नाहीं. कारागिराचें हें मौन म्हणजे त्याची चूक नव्हे. तोहि त्याच्या बोलण्याचाच एक भाग आहे.

मातीची देवी नेहमीं तळहाताएवढीच राहिली असेंहि नाहीं. इ. स. पूर्वीं पंधराव्या शतकांत बाबिलोनवर राज्य करणाऱ्या कस्सी वंशांतील कराइंदाश राजानें उरुक येथें इनान्नाचें एक देवालय बांधलें. त्याच्या बाहेरील भिंतीच्या खोबणींत एक देव, एक देवी, पुन्हा एक देव, पुन्हा एक देवी अशी रांग उभी आहे. प्रत्येकाच्या हातीं कुंभ असून त्यांतून पाण्याच्या धारा दोन्ही बाजूंस वाहतात. सुमारें दोन मीटर उंचीच्या या आकृति कोरलेल्या नाहींत. प्रत्येक वीट आधीं साच्यांत घालून तिच्यावर आकृतीचा तेवढाच भाग उठविला आणि मग विटा रचून देवी उभी केली. दगड नसलेल्या देशानें शिल्पाची हौस कशी भागविली, याचें हें उत्तम उदाहरण आहे.

याच युक्तीला चकचकीत रंगाची जोड मिळाली ती दुसऱ्या नबुखद्रेसरच्या काळीं, इ. स. पूर्वीं ६०४ ते ५६२ मध्यें. रॉबर्ट कोल्डवे यांनीं १८९९ ते १९१७ पर्यंत बाबिलोन खणून जें इश्तारचें महाद्वार उजेडांत आणलें, त्यावर निळ्या विटांत बैल व नागमुखी प्राणी आहेत. बैल हा अदाद देवाचा व नागमुखी प्राणी मर्दुकचा. द्वार इश्तारचें, पण तिची मूर्ति त्यावर कोठेंच नाहीं. ती भेटते द्वाराकडे जाणाऱ्या मिरवणुकीच्या रस्त्यावर. तेथें दोन्ही भिंतींवर सुमारें १२० सिंह आ वासून चालतांना दाखविले होते, आणि सिंह म्हणजे इश्तार हें सांगावें लागत नव्हतें. हजार वर्षांपूर्वीं जी घरोघरच्या फलकांत आपलें मुख दाखवीत होती, तिनें येथें केवळ आपल्या वाहनाची पावलें दाखविलीं.

आतां एका अशा फलकाची कथा उरते कीं, जींत या सर्व प्रश्नांची गांठ पडते. १९३६ सालीं लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकांत त्याचें छायाचित्र प्रथम झळकलें. तत्पूर्वीं ब्रिटिश म्युझियमकडे तो विक्रीसाठीं आला होता, पण १९३५ सालीं संग्रहालयानें घेण्याचें नाकारलें आणि तो सिडनी बर्नी या व्यापाऱ्याकडे गेला. त्यावरून पुष्कळ वर्षें तो बर्नीचा फलक म्हणूनच ओळखला जाई. उंची ४९.५ सेंटिमीटर, रुंदी ३७ सेंटिमीटर, काळ इ. स. पूर्वीं १८०० ते १७५० च्या सुमाराचा. भुसा मिसळलेल्या मातीचा हा फलक पाहतांच मन दचकतें. एक नग्न, सुंदर स्त्री समोर पाहत उभी आहे. मस्तकावर शिंगांचा अनेक जोड्यांचा मुकुट, पाठीवर खालीं झुकलेले पंख, दोन्ही उचललेल्या हातांत दंड व वलय यांचें चिन्ह. आणि पाय मात्र शिकारी पक्ष्याचे, नख्यांचे. ती दोन सिंहांच्या पाठीवर उभी आहे आणि दोहों बाजूंस दोन मोठीं घुबडें आहेत. रंगांचे जे कण उरले आहेत, त्यांवरून पार्श्वभूमि काळी, देह तांबडा आणि पंख तांबड्या, काळ्या व पांढऱ्या पट्ट्यांचे होते, असें ठरविण्यांत आलें आहे.

ही कोण? १९३७ सालीं फ्रँकफर्ट यांनीं मत दिलें कीं, ही लिलिथ, रात्रीं हिंडणारी पिशाच्च-स्त्री. त्याच वर्षीं दिएत्रिख ओपित्स यांनीं तर फलकाच्या अस्सलपणाबद्दलच शंका काढली. लिलिथ हें नांव लोकांना इतकें रुचलें कीं, पुस्तकांत व चित्रांत तेंच रूढ झालें. पण पिशाच्चाच्या मस्तकावर मोठ्या देवतेचा मुकुट आणि हातांत राजसत्तेचें चिन्ह कसें येईल? १९८७ सालीं थॉर्किल्ड याकोब्सेन यांनीं सिंहांकडे व घुबडांकडे बोट दाखवून ही इनान्ना म्हणजेच इश्तार असल्याचें प्रतिपादन केलें. दुसऱ्या कांहींनीं खालीं झुकलेल्या पंखांवरून व काळ्या पार्श्वभूमीवरून ही इश्तारची बहीण, पाताळाची राणी एरेश्किगल, असें मत मांडलें. लार्सा येथें मिळालेल्या, हल्लीं लूव्र संग्रहालयांत असलेल्या एका मृत्पात्रावर पंख असलेली नग्न देवी आहे. त्याच संग्रहालयांतील एका लहान फलकावर तर पंख व नख्या असलेली अशीच देवी दोन रानबोकडांवर उभी आहे. तेव्हां हें रूप कोण्या एका कारागिराची लहर नव्हती. लोकांना तें परिचित होतें. शेवटीं २००३ सालीं ब्रिटिश म्युझियमनें आपल्या अडीचशेव्या वर्षानिमित्त तोच फलक १५ लाख पौंडांस विकत घेतला आणि नांवाचा वाद बाजूस ठेवून त्याला 'रात्रीची राणी' असें म्हटलें.

सुमारें सत्तर वर्षें एवढे पंडित एका देवीच्या नांवासाठीं भांडले, त्याचें कारण फलकाच्या मातींत नाहीं, त्या मातीच्या इतिहासांत आहे. हा फलक कोणत्याहि उत्खननांत सांपडलेला नाहीं. तो दक्षिण इराकमधून आला असावा, एवढेंच. तो देवळाच्या भिंतींत बसविला होता कीं घराच्या, त्याच्या शेजारीं दिवा होता कीं थडगें, जवळ एखादी लेख असलेली पाटी होती कीं काय, हें सर्व ज्यानें तो प्रथम उपसला त्याच्या कुदळीखालीं चिरडून गेलें. तेवढी माहिती हातीं असती, तर कदाचित् एका ओळींत प्रश्न मिटला असता. उलट इसिनच्या देवालयांतील साधें मातीचें कुत्रें, ज्याला बाजारांत कोणी विचारणार नाहीं, तें जागेवर सांपडल्यामुळें आपल्या देवीचें नांव निःसंशय सांगतें.

आणि ज्या २००३ सालीं लंडननें ही राणी विकत घेतली, त्याच वर्षीं एप्रिल महिन्यांत युद्धाच्या धामधुमींत बगदादचें इराक संग्रहालय लुटलें गेलें. इसिन व उम्मा या प्राचीन शहरांचीं टेकाडें चोरट्यांनीं खड्ड्याखड्ड्यांनीं पोखरून टाकलीं. त्या खड्ड्यांतून निघालेले फलक जगाच्या बाजारांत गेले. ते फुटले नाहींत, हरवलेहि नाहींत. कोठें ना कोठें ते कांचेच्या कपाटांत सुरक्षित असतील. परंतु ते ज्या घरांतून, ज्या देव्हाऱ्यांतून, ज्या थरांतून उपटले गेले, तीं घरें व ते थर आतां पुन्हा वाचतां यावयाचे नाहींत. देवीची मूर्ति वांचली आणि देवी हरवली, असा हा प्रकार आहे.

बाबिलोनच्या कुंभारानें साच्यांतून फलक काढला तेव्हां त्यावर नांव लिहिण्याची त्याला गरज वाटली नाहीं, कारण ज्या घरांत तो जाणार होता तेथील प्रत्येकाला तें ठाऊक होतें. नांव फलकावर नव्हतें, घरांत होतें. म्हणून त्या देवीला ओळखावयाचें असेल तर तिच्या रूपाइतकेंच तिच्या भोंवतालच्या मातीलाहि जपावें लागतें. फोडलेली पाटी जोडतां येते, झिजलेल्या मुकुटाचीं शिंगें मोजतां येतात; पण एकदां विस्कटलेली माती पुन्हा थराथरानें लावतां येत नाहीं.